कोजागिरीच्या रात्री तेरा टेकड्या

कोजागिरी म्हटली की आम्हा बडोदेकरांना आठवतो शरद पूनमचा गरबा आणि चांदण्यात ठेवलेले दूध-पौंवा. आमची आजी शेजारी केशर घातलेले मसाला दूधही ठेवते, म्हणजे दोन्हीकडची सोय होते! गेल्या वर्षी मात्र ही रात्र मी आणि बाबांनी सह्याद्रीत जागवली, कात्रज ते सिंहगड या डोंगरवाटेवर.

कल्पना पुण्याच्या मामेभावाची. जुन्या कात्रज बोगद्याच्या वरून, वाघजाई मंदिरापासून ही वाट सुरू होते आणि डोंगराच्या धारेने पश्चिमेला सिंहगडाकडे जाते. अंतर साधारण 16 किलोमीटर. टेकड्या कुणी बारा मोजतं, कुणी चौदा; भावाच्या हिशेबाने तेरा. वाटेत पाणी नाही, सावली नाही, म्हणून लोक रात्रीच निघतात, आणि पौर्णिमा असली तर फारच छान. बाबा सत्तावन्न वर्षांचे. पण "मीही येतो" म्हणाले आणि मग दोन महिने दर रविवारी आम्ही पावागडाच्या पायऱ्या चढलो. रोप-वेकडे बघायचंही नाही, असं ठरवून!

रात्री साडेनऊला मामाने आम्हाला गाडीने सोडले. माझी सॅक जड लागत होती, म्हणून पाण्याच्या दोन बाटल्या मी गुपचूप डिकीत ठेवून दिल्या. हा शहाणपणा पुढे महागात पडला.

पहिल्या तीन टेकड्या गप्पांत गेल्या. उजवीकडे खाली सगळे पुणे दिव्यांनी लखलखत होते, डावीकडे सातारा रस्त्यावरच्या गाड्यांची रांग सरकत होती, आणि समोर खूप लांब सिंहगडावरच्या टीव्ही मनोऱ्याचा लाल दिवा. त्या दिव्याच्या रोखाने चालायचे. गंमत म्हणजे दोन तास चाललो तरी तो होता तिथेच!

या वाटेवर दम चढाला लागतो, पण घाम फुटतो तो उताराला. पावागडाला पायऱ्या आहेत. इथे मुरूम, सुटे दगड आणि पावसाळ्यानंतर वाळलेले निसरडे गवत. एक टेकडी चढायची, पलीकडे जवळजवळ तेवढेच उतरायचे, की पुढची उभीच. काही उतार मी चक्क बसून उतरले.

सातव्या टेकडीला माझे पाणी संपले. बाबांनी काही न विचारता त्यांची बाटली पुढे केली. पुढच्या दोन्ही टेकड्यांवर तेच. मीही पीत राहिले आणि वर "बाबा, जरा भरभर चला ना" असे म्हणतही राहिले. नवव्या टेकडीच्या उतारावर ते एकदम खाली बसले. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. त्यांना पाय सरळ करता येईना. भावाकडे जेमतेम अर्धी बाटली उरलेली. रात्रीचे दीड वाजलेले. खाली गावांचे दिवे दिसत होते, पण अंधारात तिकडे उतरायची वाट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. मला रडूच आले. "अगं, बस जरा. चांदणं बघ," बाबा म्हणाले, "त्यासाठीच आलोय ना?"

वीस मिनिटांनी मागून कॉलेजच्या मुलांचा एक गट आला. त्यांनी न मागता दोन बाटल्या दिल्या, मीठ-साखरेची पुडी दिली, आणि त्यातल्या एकाने बाबांच्या पोटऱ्या चोळून दिल्या. आम्ही तासभर तिथेच बसलो. आजीने बडोद्याहून दिलेला मसाला दुधाचा मसाला सॅकमध्ये तसाच होता, दूध मात्र नव्हते! मग पुढच्या चार टेकड्या बाबांच्या चालीने चाललो. बाबा पुढे, मी मागे.

उजाडता उजाडता डांबरी रस्ता लागला. तिथून जीपने वर आणि मग पुणे दरवाजातून आत. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे हा गड अंधारात, कडा चढून आले होते. इतिहासाच्या पुस्तकात ते वाचले होतेच. पण चांदण्यात, बूट घालून, टॉर्च घेऊन आमची झालेली अवस्था आठवली आणि मी समाधीपुढे जरा जास्तच वेळ उभी राहिले.

समुद्रसपाटीपासून 1312 मीटरवरून सकाळी जे दिसते ते सांगून कळायचे नाही. नैर्ऋत्येला राजगड आणि तोरणा, आग्नेयेला लांब पुरंदर, उत्तरेला खडकवासल्याचे पाणी. आणि पूर्वेला, एकामागे एक, आपण रात्रभर तुडवलेल्या टेकड्या. पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही खात बाबांनी त्या मोजल्या. अकराच भरल्या!

तुम्ही जाणार असाल तर एवढे ऐका. माणशी चार लिटर पाणी, मीठ-साखर, चांगली पकड असलेले बूट आणि टॉर्च हवीच. वाट माहीत असलेले कुणीतरी सोबत असावे. एकट्या-दुकट्याने जाऊ नये. आणि चाल ठरवायची ती गटातल्या सगळ्यात सावकाश माणसाची.

घरी आल्यावर डिकीतल्या बाटल्यांची गोष्ट मी बाबांना सांगून टाकली. ते म्हणाले, "ठाऊक होतं. तू ठेवताना पाहिलं होतं मी. म्हणून तर माझ्या सॅकमध्ये एक जास्त घेतली होती."