फ्लूच्या लशीस, अनावृत पत्र

फ्लूच्या लशीस,

बीसीजी, पोलिओ, पेंटा, गोवर यांच्याबद्दल आमच्या घरात कधी वाद झाला नाही. त्या सरकारी यादीतल्या, आरोग्य केंद्रात फुकट मिळणाऱ्या. तुझ्यासाठी मात्र खासगी दवाखाना गाठायचा, एका डोसाचे दीड-दोन हजार मोजायचे, पहिल्या खेपेला चार आठवड्यांनी दुसरा डोस घ्यायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा आहेसच. घरपट्टीसारखी वर्षाकाठी वसुली करणारी तू एकटीच.

"सर्दी-पडशाला कसली गं लस?" असं सासूबाई विचारतात, आणि मला तो प्रश्न वेडगळ वाटत नाही. नाक गळणाऱ्या बहुतेक बाळांना फ्लू नसतोच. दुसराच कुठला तरी विषाणू असतो आणि तिथे तुझं काही चालत नाही. पण खरा फ्लू दोन वर्षांच्या आतल्या मुलांच्या छातीत उतरला, तर न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. पुणेकरांना २००९चा ऑगस्ट आठवत असेल. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी इथेच घेतला, एका शाळकरी मुलीचा. तोच एच१एन१ आता मोसमी फ्लूत मुरलाय, म्हणून तो तुझ्यात असतोच.

तू म्हणजे कवचकुंडलं नव्हेस, हेही मला ठाऊक आहे. विषाणू रूप पालटत राहतो. जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरात अंदाज बांधते, मग पुढचे काही महिने तू तयार होत असतेस. अंदाज बरोबर आला, तर डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. चुकला तर त्याहूनही कमी उपयोग. हे आकडे दवाखान्याच्या भिंतीवर कुणी लावत नाही. लावले असते, तर माझा तुझ्यावरचा विश्वास वाढलाच असता.

तुझ्यामुळेच फ्लू होतो, ही मात्र अफवा. सुईतून जातो तो मेलेला विषाणू. मांडी दुखेल, एखादा दिवस अंगात कणकण राहील, बाळ किरकिर करेल. तेवढं चालेल.

मला जास्त काळजी खोक्याची वाटते. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात, पण महाराष्ट्रात फ्लू जोर धरतो तो पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर. म्हणजे आपल्या कामाची दक्षिण गोलार्धाची लस, आणि तीही पावसाआधी. कारण टोचल्यावर अंगात ताकद यायला दोनेक आठवडे जातात. मे महिन्यात फ्रिजमधून मागच्या हिवाळ्याचं खोकं निघालं, तर मी नर्सबाईंना वर्ष वाचून दाखवायला सांगणार आहे. पैसे मोजायचे तर ताज्या मालाचे!

तर घेणार आहोत. बाळ सात महिन्यांचं आहे. सहाच्या आत असतं, तर तुझा प्रश्नच नव्हता, तेव्हा आईने गरोदरपणीच तुला टोचून घेतलेलं कामी येतं.

पण तुझ्याशी भांडण आहेच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची नात याच वयाची. ताईंनी दर विचारला आणि विषय सोडला. राज्यात गरोदर बायकांना २०१५पासून तू सरकारी दवाखान्यांत फुकट मिळू लागलीस. तान्ह्यांचा नंबर कधी लागणार, ते कळव.

एक आई