हातोहात गेलेला कागद

शिकागोहून दक्षिणेकडे निघालेल्या इलिनॉय सेंट्रलच्या गाड्या मेम्फिस ओलांडून मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखात शिरत, तेव्हा पुलमन डब्यातला पोर्टर जागाच असे. गोऱ्या प्रवाशांचे बिछाने घालायचे, त्यांचे बूट चमकवून ठेवायचे आणि कुणीही ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारली की ओ द्यायची. कंपनीचा संस्थापक जॉर्ज पुलमन, म्हणून त्याचा प्रत्येक काळा नोकरही जॉर्जच. पण या जॉर्जच्या सामानात वर्तमानपत्रांचे गठ्ठे असत. स्टेशनात उतरवले तर जप्त होण्याची भीती. म्हणून गाव यायच्या थोडं आधी गठ्ठा डब्यातून खाली टाकायचा. तिथून तो कुणीतरी उचलून नेई.

गठ्ठ्यात असे ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र. वर्तमानपत्राच्या इतिहासात संपादकांची चरित्रं पुष्कळ सापडतात, मात्र या रुळांकडेच्या माणसांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. मला त्यांचंच अप्रूप अधिक वाटतं. लिहिणारा एक असतो; त्याचं लिहिणं समाजाचं होतं ते असं कुणीतरी वाकून उचललं म्हणून.

लिहिणारा होता रॉबर्ट सेंगस्टॅक अॅबट. जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावर जन्मलेला, हॅम्पटनला छपाईचं काम शिकलेला. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तो हॅम्पटनच्या गायकांबरोबर आला आणि हे शहर त्याच्या मनात घर करून राहिलं. पुढे तो कायदा शिकला, पण तुझा रंग फार काळा आहे, वकिली चालायची नाही, असं त्याला सांगण्यात आलं. 5 मे 1905 ला त्याने पत्राचा पहिला अंक काढला, अवघ्या 300 प्रती. कचेरी म्हणजे घरमालकीण हेन्रिएटा ली यांच्या घरातलं एक टेबल आणि एक खुर्ची. अंक तो स्वतः दारोदार फिरून विकत असे. या बाईंनी त्याला जागा दिली, संभाळून घेतलं; पुढे पैसा आल्यावर अॅबटने त्यांना घर घेऊन दिलं. मोठ्या गोष्टींच्या पायाशी बहुधा अशी एखादी बाई असते आणि तिचं नाव तळटीपेत जातं. म्हणून ते इथे ठळकपणे लिहितो.

1920 च्या सुमारास डिफेंडरचा खप दोन लाखांच्या वर गेल्याचं सांगतात, आणि त्यातले बहुतेक वाचक शिकागोबाहेरचे. एक अंक चार-पाच जण वाचतात असा तेव्हाचा अंदाज होता. ऐकणारे वेगळेच. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागलेला असताना कोपऱ्यातला कुणीतरी मोठ्याने वाचत असे. चर्च सुटल्यावर घोळका जमे. झुंडीने झाडाला टांगून मारलेल्या माणसांच्या बातम्या, ज्या गावच्या पत्रांत येत नसत किंवा मारणाऱ्यांच्या बाजूने येत, त्या इथे मोठाल्या मथळ्यांखाली असत. त्याच पानांवर उत्तरेतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती आणि गाड्यांची वेळापत्रकंही असत. संताप आणि वेळापत्रक शेजारी शेजारी! नुसता संताप माणसाला जाळत राहतो. शेजारी गाडीची वेळ छापलेली असली की तो चालायला लागतो.

अॅबटने 15 मे 1917 ही तारीख उत्तरेकडच्या ‘महास्थलांतरा’ची म्हणून गाजवली. लोक सामानसुमान बांधून स्टेशनांवर आले. शिकागोतली कृष्णवर्णीय वस्ती 1910 मध्ये सुमारे 44 हजार होती, 1920 मध्ये ती एक लाख नऊ हजारांवर गेली. ही सगळी माणसं एका पत्रामुळे आली नाहीत. महायुद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले होते, कारखान्यांना हात हवे होते आणि बोंडकिडीने दक्षिणेतला कापूस खाल्ला होता. पण कुठे जायचं, कोणाला विचारायचं, हे मात्र अनेकांना त्या पानांनीच सांगितलं.

आणि त्यांनी विचारलं. त्या काळात दक्षिणेतून उत्तरेत गेलेली पत्रं एमेट स्कॉट यांनी 1919 मध्ये प्रसिद्ध केली; त्यांतली कितीतरी डिफेंडरच्या वाचकांची आहेत. मी ती सलग वाचू शकत नाही, मधेच थांबावं लागतं. शब्द उच्चारावरून लिहिलेले, वाक्यं एकमेकांत गुंतलेली. कोणतंही काम करीन. तिकिटाचे पैसे आधी मिळतील का, मजुरीतून फेडीन. मुलांना शाळा मिळेल का. आणि पुन्हा पुन्हा येणारी एक विनंती: हे पत्र कुठे छापू नका. आपल्या गावात कोणापाशी बोलता येत नव्हतं ते माणसं शेकडो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या संपादकाला सांगत होती. हे धाडस अग्रलेख लिहिण्यापेक्षा मोठं होतं असं मला वाटतं.

डिफेंडर हे वर्तमानपत्र निर्मळ नव्हतं. त्यात गोरं करणाऱ्या मलमांच्या जाहिराती असत. दक्षिणेतून नव्याने आलेल्यांना ते शिकवण देई: ट्रामगाडीत मोठ्याने बोलू नका, डोक्याला फडकं बांधून रस्त्यावर येऊ नका. आणि 1925 मध्ये पोर्टरांनी आपली संघटना उभारली तेव्हा, ज्यांच्या हातांनी हे पत्र दक्षिणेत पोचलं त्यांच्याच विरोधात ते सुरुवातीला उभं राहिलं. पुढे त्याने भूमिका बदलली, पण मला ही जखम साधी वाटत नाही. पोर्टरांनी संघटना सोडली नाही.

मराठी वाचकाला यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कमध्ये शिकले, हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीच्या शेजारी. परतल्यावर 31 जानेवारी 1920 ला त्यांनी ‘मूकनायक’ काढलं. आणि 1946 मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइस ‘द क्रायसिस’ मासिकाचे पहिले संपादक. एका संपादकाचं दुसऱ्याला पत्र, आणि तेही उपयोगाचा कागद मागण्यासाठी! मला हे फार आवडतं.

पुन्हा शिकागोकडे. डिफेंडरने मुलांसाठीही पान ठेवलं होतं. बड बिलिकन नावाचं एक काल्पनिक पात्र त्याचं संपादक. मुलं त्याला पत्रं लिहीत, त्याच्या मंडळाचे सदस्य होत. याच पत्राच्या स्तंभात शाळकरी वयाच्या ग्वेंडोलिन ब्रूक्सच्या कविता छापून आल्या. 1950 मध्ये पुलित्झर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या. 1929 मध्ये बिलिकनच्या नावाने शिकागोच्या दक्षिण भागात मुलांची मिरवणूक निघाली. अॅबट 1940 मध्ये गेला. जुलै 2019 मध्ये छापील अंक बंद झाला आणि पत्र पडद्यावर गेलं. मिरवणूक मात्र दर ऑगस्टमध्ये निघते. घराणीच्या घराणी पहाटेपासून रस्त्याकडेची जागा धरतात, कोळशावर मांस भाजायला लागतात, आणि मग शाळांची वाद्यपथकं ढोल बडवत, नाचत येतात. त्यांतल्या बहुतेक पोरांनी डिफेंडरचा छापील अंक कधी हातात धरलेला नसणार. पण त्यांच्यातल्या कितीतरी पोरांचे पणजोबा-पणज्या त्याच रुळांवरून या शहरात आले होते.