भिंगांची सोयरीक

आपल्याकडे लग्न जमवताना छत्तीस गुण पाहतात. अठरा जुळले तरी भटजी मान डोलावतात. उरलेले अठरा नवराबायकोने जन्मभर जुळवत बसायचे असतात. कॅमेरा आणि त्याचे भिंग यांच्या सोयरिकीत मात्र असली सवलत नाही. तिथे एक मिलिमीटर आडवा आला की लग्न मोडलेच म्हणून समजा. या एका मिलिमीटरची हकीकत सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझे आजोळ भोपाळचे. बेळगावच्या मुलाचे आजोळ इतक्या लांब कसे, असे पुष्कळजण विचारतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या एकाच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. नागपूरच्या कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कारकून फायली आणि बिऱ्हाड घेऊन तिकडे निघाले. त्यांत माझे आजोबा होते. पुढे मामाही सरकारी नोकरीत लागले आणि तुलसीनगरच्या क्वार्टरमध्ये त्यांचा सारा संसार झाला.

मामांना फोटोचा नाद. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एक जुना रशियन झेनिट कॅमेरा घेतला होता. त्याला ५८ मि.मी.चे हेलिऑस भिंग होते. पुढे १३५ मि.मी.चे ज्युपिटर त्यांनी हौसेने मिळवले. आमच्या घरातील बारशी, मुंजी, लग्ने सगळी त्या हेलिऑसमधून पार पडली. २०२४ च्या मार्चमध्ये मामा गेले. नोकरीबरोबर क्वार्टरही जाणार हे ठरलेलेच होते. दिवाळीच्या सुट्टीत आई आणि मी सामान आवरायला गेलो, तेव्हा झेनिटचा पडदा कधीच निकामी झालेला होता. मामीने दोन्ही भिंगे माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, “ह्यांच्यातून अजून फोटो निघतो का रे? घर सोडायच्या आधी समोरच्या लिंबाचा एक काढून दे. तुझ्या मामांनी काढला असता तसा.”

तो कडुलिंब साधा नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये तुलसीनगर आणि शिवाजीनगर इथली जुनी वस्ती पाडून मंत्री आणि आमदारांसाठी घरे बांधण्याचा बेत निघाला होता, आणि त्यापायी सुमारे २९ हजार झाडे जाणार होती. लोक रस्त्यावर आले, बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या, आणि सरकारने तो बेत सोडून दिला. झाड राहिले, मामीला मात्र जायचे होते.

माझ्याजवळ निकॉन होता. गावातल्या एका दुकानदाराने “लग जाएगा भैया” म्हणत एक कडी विकली. भिंग बसले, आणि घट्ट बसले. व्हरांड्यात उभ्या असलेल्या मामीचा चेहरा सुरेख आला. रस्त्यापलीकडचा लिंब मात्र हिरव्या धुक्यासारखा. भिंगाची कडी कितीही फिरवा, तो काही स्पष्ट होईना.

कारण असे. भिंग जिथे टेकते त्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक घराण्याने ठरवून ठेवलेले असते. झेनिट, प्राक्टिका आणि जुने पेंटॅक्स यांची बैठक ४२ मि.मी. व्यासाच्या आट्यांची, आणि हे अंतर ४५.४६ मि.मी. निकॉनने १९५९ साली आपली बैठक काढली तिचे अंतर ४६.५. म्हणजे मामांचे भिंग निकॉनवर जायचे त्यापेक्षा १.०४ मि.मी. पुढे जाऊन बसते. शाळेतले भिंगाचे सूत्र आठवा: ५८ चा वर्ग भागिले १.०४. उत्तर सुमारे ३२०० मि.मी. कडीची जाडी शून्य धरली तरी सव्वातीन मीटरांपलीकडचे जग त्या जोडीला दिसणार नाही. खरी कडी जाड असते, म्हणून दृष्टी त्याहूनही आखूड. मधे काचेचा तुकडा बसवलेल्या कड्या मिळतात, पण ती चष्म्यावर चष्मा लावण्याची गोष्ट.

कॅननने १९८७ साली आणलेल्या बैठकीचे अंतर ४४ मि.मी. इथे उलट दीड मिलिमीटर शिल्लक राहतो, आणि नेमकी तेवढ्यात पातळ कडी मावते. शेजारच्या क्वार्टरमधल्या एका मुलीजवळ कॅनन होता. मी तो मागून आणला, दोनशे रुपयांची दुसरी कडी आणली, भिंगाचे तोंड हाताने लहान केले आणि डोळ्याने अंदाज घेत कडी फिरवली. लिंबाचे पान न् पान दिसू लागले. मामीने ते पाहिले आणि काही न बोलता चहा टाकायला आत गेली.

ज्यांना जुने भिंग घ्यायचे आहे त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली बैठक, दुसरे हे अंतर. ज्या कॅमेऱ्याचे अंतर कमी, तो पाहुण्या भिंगाला जागा देऊ शकतो. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात आरसा हलायलाच जागा लागते, म्हणून अंतर मोठे. आरसा गेला तशी सोनीची बैठक १८ वर आणि निकॉनची नवी, २०१८ ची, १६ मि.मी.वर आली, त्यांच्यावर लांब कडी लावून जवळजवळ कोणतेही जुने भिंग चालते. तिसरी गोष्ट चित्राच्या चौकटीची. आरशाच्या कॅमेऱ्यांत लहान चौकटीसाठी केलेली कॅननची भिंगे मोठ्या चौकटीच्या कॅमेऱ्यावर बसतच नाहीत. चौथी, आपोआप चालणारी यंत्रणा. निकॉनच्या काही स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांत मोटर नाही. त्यावर जुने स्वयंचलित भिंग बसते, पण हातानेच फिरवावे लागते. नाव एकच असले म्हणून सगळे जुळते असे नाही. दुकानात “बसेल का?” एवढेच विचारू नये; “बसल्यावर लांबचे दिसेल का?” हेही विचारावे.

मला यातले अंतराचे गणित फार आवडले. मोठे घर, ऐसपैस बैठक, म्हणजे पाहुण्याची सोय असे आपण समजतो. भिंगांच्या जगात ज्याने स्वतःला कमी जागा घेतली, त्याच्याकडेच दुसऱ्याला द्यायला जागा उरते. एकाच मुखपृष्ठाखाली दोन भाषा नांदवणाऱ्या आपल्या या अंकाला हे वेगळे सांगायला नको.

हेलिऑस सध्या माझ्याकडे आहे, ज्युपिटर त्या शेजारच्या मुलीला दिले. मामी आता नागपूरला राहते, आणि तिच्या भिंतीवर लिंब आहे.