डोंबिवलीची संध्याकाळ

गेल्या हिवाळ्यात मुरबाड तालुक्यातला एक शेतकरी माझ्याकडे चिडून आला. "साहेब, शहरातली माणसं चिक्कू. डोंबिवलीत अर्धी मेथी टाकून आलो." माल चांगला असला की खपतो, असे मीच वर्षानुवर्षे सभांतून सांगत आलो. म्हणून त्याच्याबरोबर बघायला गेलो. तुम्हीही चला.

पहाटे कल्याणची बाजार समिती. माळशेज घाट उतरून जुन्नर-ओतूरचा मालही इथे येतो. घेणारा व्यापारी, त्याला घाई नाही. जुडी उलटीपालटी करून पाहतो, मग बोलतो.

आता संध्याकाळी सातला डोंबिवली पाहा. लोकलमधून तासभर उभ्याने आलेली बाई जिना उतरते. घरी जाऊन पाऊण तासात ताटे वाढायची. ती आधी विचारते, "निवडलेली आहे का?" भाव मागाहून. सोललेला मटार, मोडलेली गवार ती दोन पैसे जास्त देऊन घेते. हीच बाई रविवारी सकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर भेटली, तर चार ठिकाणी भाव विचारील आणि कोथिंबिरीसाठी हुज्जत घालील. पाकीट तेच, बरे का!

पावसाच्या तोंडावर शेवळं येतात, सोबत काकडं. चारच आठवडे मिळणार म्हणून तिथे घासाघीस नाही. दसऱ्याचा झेंडू सकाळी सोने, रात्री केर. आणि जागेचे म्हणाल, तर २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. दीडशे मीटर म्हणजे दोन मिनिटांची वाट. पण रिक्षाच्या रांगेत उभी राहिलेली बाई तेवढ्यासाठी रांग सोडत नाही.

आमचा गडी दुपारी तीनला बसायचा आणि सहाला उठायचा! मोठ्या जुड्या, मुळांना माती. तीनला गिऱ्हाईक कुठले? मेथीत खोट नव्हती.

आता तो पाचनंतर बसतो, रिक्षातळाच्या वाटेवर, मनाईची हद्द सोडून. घरच्या बायका मुळे छाटून लहान जुड्या बांधतात, थोडी निवडूनही देतात. त्या मजुरीचा हिशेब त्याने अजून धरलेला नाही, तो मी त्याला मांडायला लावला आहे. माल बहुतेक संपतो. फक्त परतीची शेवटची एसटी चुकते, म्हणून आठवड्यातून तीनच दिवस जातो.