आधी दुसरा मजला

तुम्ही कधी कॉन्फरन्स कॉलवर म्यूटवर बसून राहिला आहात का? तसे आपण सगळेच बसतो, कुणी भाजी निवडतं, कुणी क्रिकेटचा स्कोअर बघतं. पण बोलायचं आहे, बोट त्या बटणावर आहे, आणि तरीही बोलत नाही... असं? मी बसलोय. तो कॉल जेमतेम वीस मिनिटांचा होता. त्याचं ओझं मात्र चार महिने पुरलं.

नीट सुरुवातीपासून सांगतो.

मी मूळचा नगरचा. (आता सरकारदरबारी अहिल्यानगर, पण जिभेला सवय व्हायला वेळ लागणार!) आमच्या घरी तीन पिढ्या ख्रिस्ती. लहानपणी दर रविवारी शब्बाथशाळा, नाताळात करंज्या-शंकरपाळे, आणि चर्चमध्ये पेटी-तबल्यावर मराठी भजनं. पुढे इंजिनिअरिंग, मग कॅम्पस, मग हिंजवडी. नेहमीचीच गोष्ट.

इंजिनिअरिंगपासूनचा माझा एक मित्र आहे. त्याचं नाव लिहीत नाही. कॉलेजात आम्ही त्याला 'मास्तर' म्हणायचो, कारण त्याचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि हा पठ्ठ्याही काही समजवायला लागला की फळा नसला तरी हवेत खडू फिरवतो. योगायोगाने आम्ही एकाच कंपनीत, एकाच प्रोजेक्टवर लागलो. वाकडला एकाच बिल्डिंगमध्ये राहायला लागलो. मी चौथ्या मजल्यावर, तो दुसऱ्या. रात्रीचा डबा बहुतेक वेळा त्याच्याकडेच उघडायचा.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी आईचं ऑपरेशन ठरलं. पित्ताशयातले खडे, तसं फार गंभीर नाही, पण ऑपरेशन ते ऑपरेशनच. शनिवारी सकाळी टेबलवर घेणार होते. मला संध्याकाळची नगरची गाडी पकडायची होती. त्याच शनिवारी रात्री आमचं रिलीज होतं. बिलं तयार करणारा एक रात्रीचा जॉब आहे. टेस्टिंगसाठी मी त्यातला एक तपास तात्पुरता बंद केला होता, 'हे बिल आधी गेलंय का?' हे बघणारा. तो परत चालू करायचा राहिला. तसाच कोड चढवला, बॅग उचलली आणि पळालो.

रिलीज मास्तरने केलं. रविवारी पहाटे क्लायंटच्या ग्राहकांना एकच बिल दोन-दोनदा गेलं. त्याचा अख्खा रविवार ते निस्तरण्यात गेला. मला त्याने एकही फोन केला नाही.

सोमवारी सकाळी कॉल. मी दवाखान्याच्या व्हरांड्यातून, फोन कानाला, म्यूटवर. मॅनेजरने विचारलं, "हे बघायचं काम कुणाचं होतं?" दोन-तीन सेकंद कुणीच बोललं नाही. मला कळलं होतं. क्लायंटकडून काय आलंय हे वाचताक्षणीच कळलं होतं. बोट बटणावर होतं. तेवढ्यात मास्तर म्हणाला, "रिलीज मी केलं. माझ्या नजरेतून सुटलं."

झालं. चौकशीच्या अहवालात तेच लिहिलं गेलं. मॅनेजरने कोडचा इतिहास उघडून बघितलाच नाही.

मी काय म्हणालो स्वतःला? आईचं ऑपरेशन आहे, आत्ता नको, पुण्याला गेल्यावर सांगू. पुण्याला गेल्यावर म्हटलं, आता सगळं शांत झालंय, उगाच कशाला उकरायचं. मग अप्रेझल आलं. मास्तरचं रेटिंग घसरलं. तीन महिन्यांसाठी त्याला क्लायंटकडे पाठवायचं जवळपास ठरलं होतं, ते रद्द झालं. आणि त्याच्या जागी नाव कुणाचं पुढे आलं? बरोबर ओळखलंत.

मी रोज रात्री प्रार्थना करत होतो बरं का. अगदी मनापासून. "प्रभू, माझी चूक झाली, मला क्षमा कर." प्रार्थना झाली की हलकं वाटायचं, झोपही लागायची. सकाळी जिना उतरताना दुसरा मजला आला की पाय आपोआप भराभर पडायचे. डबा मी वरच खायला लागलो. आज डोकं दुखतंय, आज कॉल आहे, आज बाहेर जेवलो... कारणं काय, मिळतात.

मग एक रविवार आला. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन. पाळकसाहेबांनी मत्तयच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय काढला, डोंगरावरच्या प्रवचनाचा. त्यात येशू सांगतो, की तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास, आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग परत ये.

हे मी शब्बाथशाळेत पाठ केलेलं. पण त्या दिवशी पाळकसाहेबांनी एक साधा भूगोल सांगितला. हे ऐकणारी माणसं होती गालीलातली. आणि वेदी कुठे? यरुशलेमच्या मंदिरात. मधलं अंतर शंभराहून जास्त किलोमीटर. म्हणजे आपलं पुणे-नगर म्हणा ना, आणि तेही पायी! चांगली काही दिवसांची चाल. एवढं चालून माणूस मंदिरात पोचलाय, अर्पण हातात आहे, आणि येशू म्हणतो, ठेव ते खाली आणि घरी जा. भावाला भेट. मग पुन्हा एवढं सगळं चालून ये.

मी बसल्या जागी हिशोब केला. माझं अंतर दोन मजले. छत्तीस पायऱ्या.

ट्रे माझ्यापर्यंत आला. भाकर, द्राक्षरसाचे छोटे पेले. मी काही न घेता तो पुढे दिला. शेजारच्या मावशी कुजबुजल्या, "अरे, घेतलं नाहीस?" मी म्हटलं, "आज नको मावशी." त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मला वाटलं यांना सगळं माहीत आहे. :-)

आपल्या भाषेत सांगायचं तर, चार महिने मी माझ्याच नोंदवहीत बग 'क्लोज' करत होतो. फिक्स डिप्लॉय केलाच नव्हता. ज्याच्या मशीनवर सिस्टीम पडली होती त्याच्याकडे ती पडलेलीच होती. देवाची माफी मागणं खोटं नव्हतं, पण सोपं होतं. देव जिन्यात समोरासमोर येत नाही ना!

दुपारी आईला फोन केला. तिला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, "दवाखान्यात मी काय वाचत होते आठवतं? लक्ष्मीबाई." म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. आमच्या नगरच्या ख्रिस्ती घरांत हे पुस्तक नुसतं वाचत नाहीत, त्यातली माणसं नात्यातली असल्यासारखी त्यांच्याबद्दल बोलतात. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नगरला त्यांच्याकडे राहायला आल्या तरी सोवळंओवळं लगेच सुटलं नाही. हे सगळं, स्वतःचा हट्ट, स्वतःची फजिती, नवऱ्याशी झालेली भांडणं, त्यांनी १९३०च्या दशकात जसंच्या तसं लिहून काढलं. आई म्हणाली, "बाळा, तिनं स्वतःची चूक झाकली नाही, म्हणून ती सगळ्यांना आपली वाटते. चूक झाकणारं माणूस कुणाचंच होत नाही. जा खाली."

गेलो. छत्तीस पायऱ्या. दार मास्तरनेच उघडलं. बनियनवर, हातात कांदा. मी चौकटीतच उभा राहून भडाभडा बोलून टाकलं. तपास मी बंद केला होता, कोड माझा होता, कॉलवर मी गप्प बसलो, तुझी संधी मी खातोय.

तो म्हणाला, "माहितीये."

"कधीपासून?"

"त्याच रविवारपासून. गिट ब्लेम मारलं ना लेका. तुझंच नाव आलं."

(आपल्या धंद्यात त्या कमांडचं नावच 'ब्लेम' आहे, आणि हा माणूस ती चालवून, नाव वाचून, दुसऱ्या दिवशी 'माझ्या नजरेतून सुटलं' म्हणाला होता.)

"मग बोलला का नाहीस?"

"सोमवारी काकूंना दवाखान्यात ठेवलेलं होतं. म्हटलं, आल्यावर सांगशील. मग वाटलं, उद्या सांगशील. मग..." तो थांबला. "नंतर राग यायला लागला. डब्याला यायचा बंद झालास तेव्हा फार आला. रेटिंगचं तितकं नाही."

मला हे लागलं. मी समजत होतो की मी त्याची संधी घेतली. त्याला दुखलं होतं ते डब्याचं.

मी त्याला सकाळचं प्रवचन सांगितलं. आणि त्याच मत्तयच्या अठराव्या अध्यायात असलेलं दुसरं एक सांगितलं, की तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर तूच जा, एकांतात त्याला त्याची चूक दाखव. म्हणजे ज्याने चूक केली त्यानेही निघायचं, ज्याचं नुकसान झालं त्यानेही निघायचं. मास्तर हसला. "म्हणजे दोघंही वेळेवर निघाले असते तर तिसऱ्या मजल्यावर भेटले असते!" मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "मीही यायला हवं होतं रे. तुझी परीक्षा घेत बसलो." त्याचे वडील वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. "वारीत समोरचा भेटला की कोण मोठा कोण लहान बघत नाहीत," तो म्हणाला, "दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. दोघंही वाकतात."

तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं टिळक म्हणत. मी हे लहानपणापासून ऐकत होतो. त्या दिवशी कांदा चिरत असलेल्या वारकऱ्याच्या पोराने मला तोच पूल उलट्या बाजूने दाखवला.

सोमवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. पण रेटिंग आता बंद झालंय, ते बदलत नाही." क्लायंटकडे जायची संधी शेवटी दुसऱ्याच टीममधल्या मुलीला मिळाली. आमच्या दोघांपैकी कुणीच गेलं नाही. सिनेमात असतं तसं सत्याचं फळ वगैरे काही मिळालं नाही. मास्तरचं नुकसान झालं ते झालंच. ते मी भरून देऊ शकत नाही, आणि हे मला आयुष्यभर माहीत असेल.

चारित्र्य म्हणजे मला आधी वाटायचं, चूक न करणं. आता वाटतं, चूक झाल्यावर आपण किती दिवसांनी खाली उतरतो, त्यावर ते ठरतं. मी चार महिने लावले. पुढच्या वेळी चार दिवसांत जमलं तरी पुष्कळ.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ट्रे आला तेव्हा मी भाकर घेतली, पेला घेतला. मावशींनी बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. चर्चमधून सुटल्यावर मास्तरचा फोन. "येतोयस ना? रस्सा केलाय."

असो. कॉलवर म्यूटवर असाल, आणि बोट बटणावर असेल, तर दाबून टाका. राहून गेलंच असेल, तर जिना आहेच.