लाकूड आमचे, विद्या त्यांची

डिजरीडू हे वाद्य तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर पाहिले असेल. लांब, पोकळ लाकडी नळी. एक टोक जमिनीला टेकवून फुंकली की भुंग्यासारखी घुमते. हे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील मूळ रहिवाशांचे वाद्य. अर्नहेम लँडमधील योलंगू लोक त्याला ‘यिडाकी’ म्हणतात.

तिकडे अर्धे काम वाळवीच करते. निलगिरीच्या उभ्या झाडाचा गाभा ती आतून खाऊन टाकते. जाणता कारागीर खोडावर ठोकून, आवाजावरून पोकळ झाड ओळखतो. ते तोडून, सोलून, आतून साफ करतो आणि तोंडाशी मधमाशीचे मेण लावतो.

आम्ही राहतो मेलबर्नला. दोघेही पाळीची कामे करतो. मागच्या अंगणातील निलगिरीची दंडाएवढी जाड फांदी वादळात पडली, तेव्हा मुलीने हट्ट धरला. आमच्या फांदीत वाळवी नव्हती. म्हणून तिचे काम आम्हालाच करावे लागले. तडे जाऊ नयेत म्हणून फांदीच्या टोकांना मेण लावून ती सावलीत वाळवली. मग सव्वा मीटरचा तुकडा उभा चिरला, दोन्ही फाका पटाशीने पन्हळीसारख्या कोरल्या, गोंदाने जोडल्या आणि दोरीने घट्ट आवळून ठेवल्या. नुसत्या कोरण्यात सहा रविवार गेले. हाताला फोड आले. शेवटी ओठ सैल सोडून फुरफुरवले आणि नळी घुमली! घरात टाळ्या पडल्या.

मग मुलगी म्हणाली, “यावर ठिपक्यांची नक्षी काढू. आदिवासींचे वाद्य म्हणून शाळेच्या जत्रेत विकू.” आम्ही नको म्हणालो. “झाड आपले, मेहनत आपली, मग का नको?” तिने विचारले.

प्रश्न रास्त होता. आम्ही तिला गावाकडचे सांगितले. ज्या हातांनी ढोलकीला कातडे चढवले ते हात देवळाबाहेर राहिले, ढोलकी मात्र आत वाजली. वस्तू हवी, माणूस नको. इथेही तेच झाले. देशाच्या लोकसंख्येत मूळ रहिवाशांना मोजू नये, असे कलम इथल्या राज्यघटनेत होते. ते १९६७ च्या सार्वमताने गेले. त्यांच्या नावावर धंदा मात्र दुसरेच करतात. इंडोनेशियात बनवलेला माल आदिवासींच्या हातचा असल्याचे भासवल्याबद्दल २०१९ साली फेडरल कोर्टाने एका कंपनीला २३ लाख डॉलरचा दंड केला. त्या मालात डिजरीडूही होते.

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग उठून तिने नळीला नुसते जवसाचे तेल चोळले. आता घरी कोणी पाहुणे आले की तीच सांगते, “लाकूड आमच्या अंगणातले, हात आमचे, विद्या उत्तरेकडच्या लोकांची.”

आपल्या मुलांना कष्ट करायला आपण शिकवतोच. कोणाच्या कष्टाचे श्रेय कोणाला द्यायचे, हेही घरातच शिकवले पाहिजे. ते न मिळाल्याचे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?