भाऊबीजेला बघितलेला ‘सत्या’



इथे सगळे राजवाडा, सराफा आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या आठवणी लिहितात. माझी आठवण एका पिक्चरची आहे. खरं तर एका भांडणाची.

मागच्या वर्षी, म्हणजे 17 जानेवारी 2025 ला, ‘सत्या’ पुन्हा थिएटरात लागला. मुलाला म्हटलं, चल, तुला खरा पिक्चर दाखवतो. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, “बाबा, ठीक आहे, पण यात एवढं काय होतं? असं तर हर दुसऱ्या वेबसीरीजमध्ये असतं.” मी त्याला सांगायला लागलो की बेटा, तेव्हा असं नव्हतं, हे इथूनच सुरू झालं. आणि सांगता सांगता गप्प झालो. मला 1998 ची भाऊबीज आठवली.

त्याच्या तीन वर्षं आधीपासून सांगतो.

माझी मोठी आत्या मुंबईला लालबागच्या चाळीत राहायची. तिचे यजमान गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा ते बाहेर पडले ते पडलेच. पुढे कधी कुठे वॉचमन, कधी कुठे हमाली, आणि नंतर नुसते घरी. आत्याने शिवण आणि डबे करून घर चालवलं. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो.

1995 ला ऐन गणपतीत आत्या दादाला घेऊन अवंतिकाने इंदूरला आली. टायफॉइड होऊन गेलाय, हवापालट पाहिजे, असं सांगितलं. दोन दिवसांनी त्याला ठेवून परत गेली. मी तेव्हा सतरा वर्षांचा. मला एवढंही सुचलं नाही की लालबागचा माणूस गणपतीत लालबाग सोडून येतो कसा? आईबाबांना सुचलं असणार. पण ते काही बोलले नाहीत.

दादा आमच्याकडे चौदा महिने राहिला. बाबांनी ओळखीने सियागंजात एका दुकानात हिशेब लिहायला लावलं. सकाळी पोहे-जलेबी खाऊन जायचा, संध्याकाळी सरळ घरी. गप्पा छान मारायचा, पण मुंबईच्या नाही. झांक्या निघाल्या त्या रात्री आम्ही सगळे खाली रस्त्यावर. दादा मात्र गॅलरीत, दिवा बंद करून बसलेला. मी हाक मारली, तर म्हणाला, “इथून छान दिसतंय रे, तू बघ.” नंतर तो मुंबईला परत गेला, डोंबिवलीला खोली घेतली आणि एका प्रेसमध्ये कामाला लागला. विषय संपला. म्हणजे आम्ही तो काढला नाही.

मग 3 जुलै 1998 ला ‘सत्या’ आला. राम गोपाल वर्माचा. लिहिला अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्लाने. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या ग्रुपमध्ये मी एकटाच मराठी. तोवर आमची ओळख काय, तर वरण-भात खाणारे, वेळेवर झोपणारे, मास्तर नाहीतर क्लार्क. पिक्चर आला आणि एका आठवड्यात माझं नाव पडलं ‘म्हात्रे’. कॅन्टीनमध्ये शिरलो की पोरं ओरडायची, “आओ भिकू भिया!” खोटं कशाला सांगू, मला छान वाटायचं. चार वेळा बघितला मी तो.

त्या वर्षी भाऊबीजेला आत्या आली, सोबत दादाही. दुपारी जेवणं झाली. केबलवाल्याने आपल्या चॅनलवर ‘सत्या’ लावला होता. प्रिंट धूसर, आवाज फाटका. शेजारचे काका पण येऊन बसले. मी सगळ्यांना गोळा केलं, “बघा तर, काय पिक्चर आहे!”

अर्धा झाला नाही तोच बाबा भडकले. “म्हात्रे, खांडिलकर, झावळे, मुळे! जगातले सगळे गुंड-पोलीस आपल्याच आडनावाचे? करणारे बघा, म्हात्रे झालेला बिहारचा, सत्या झालेला तेलुगू सिनेमातला. बदनामी आमची! इथे शंभर वर्षं नाव राखून राहिलो आपण.”

काका म्हणाले, “नाही हो, पहिल्यांदाच गुंड माणसासारखे दिसून राहिलेत. नाहीतर तो पांढरा सूट आणि पांढरे बूट. हा बघा, बायकोशी भांडतोय, पोरींचे लाड करतोय.”

आईला विद्याचं घर आवडलं. आजारी वडील, दमलेली आई, गाणं मिळावं म्हणून धडपडणारी मुलगी. “बिचारीला सांगत का नाही तो, आपण काय करतो ते?” हेच तिचं पूर्ण वेळ चाललेलं.

आणि मी. समुद्राकाठी खडकावर उभा राहून भिकू ओरडतो तो सीन आला, तेव्हा मी सोफ्यावर उभा राहून त्याच्याबरोबर ओरडलो. काका हसले. आत्या हसली नाही. म्हणाली, “खाली बस.” एवढंच. त्या आवाजात तिला मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

दादा मधेच उठून गॅलरीत गेला होता. भाऊच्या घरी हसत-बोलत असलेला भिकू एका क्षणात जातो, तेव्हा तो परत येऊन दारात उभा होता. म्हणाला, “असंच असतं. म्युझिक नाही, काही नाही. बोलता बोलता.”

हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. मग आईने उठून टीव्ही बंद केला.

बाबांनी विषय सावरायचा म्हणून म्हटलं, “म्हणून म्हणतो, असे पिक्चर बघून पोरं बिघडतात.”

दादा म्हणाला, “मामा, पिक्चर बघून कुणी जात नाही. मला कुणी धमकी दिली नव्हती. दोन वर्षं नाक्यावर नुसता उभा राहायचो. त्यांनी वडापाव दिला, नाव विचारलं, आई कशी आहे विचारलं. बस. मग एक पाकीट इथून तिथे नेऊन दे. मग दुसरं. यात त्या खोलीतली मजा दाखवलीय ना, गाणी, थट्टा, एकमेकांची उष्टी खाणं, ती खरी आहे. तीच वाईट आहे.”

बाबांनी मान खाली घातली. तीन वर्षं जे टायफॉइड होतं, ते असं हॉलमध्ये निघालं. दादाबरोबर पाकिटं नेणारा चाळीतला मुलगा नाक्यावरच गेला होता, पानाच्या टपरीसमोर. दुसऱ्या रात्री आत्याने दादाला अवंतिकात बसवलं होतं.

मी आत्याला विचारलं, “तुला कसा वाटला पिक्चर?” मूर्ख प्रश्न होता, पण मला दुसरं काही सुचेना.

ती म्हणाली, “चांगला केलाय. पण माझ्यासारखी कुणी नाही रे त्यात. रात्री दोन वाजता जिन्यावरची पावलं मोजणारी. आमच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या. बाराव्या पायरीला कळायचं, हा आपला आहे की दुसऱ्या कुणाचा.”

मग तिने ताट केलं, बाबांना ओवाळलं. बाबांनी ओवाळणी घातली आणि तिचे हात धरून बसले बराच वेळ. चहा झाला. कुणी पिक्चर पुन्हा लावला नाही.

मनोज बाजपेयीला त्या कामासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं, ते योग्यच होतं. बाबा शेवटपर्यंत त्या पिक्चरला बदनामीच म्हणत राहिले. काकांचं मत तेच राहिलं, खरा पिक्चर. माझं मात्र बदललं. कॉलेजात पोरं ‘म्हात्रे’ म्हणायची, तर मी एक दिवस चिडून भांडलो. त्यांना कळेचना, याला अचानक काय झालं. कारण मी सांगितलं नाही.

आता आत्या नाही, बाबाही नाहीत. मागच्या वर्षी थिएटरात खडकावरचा सीन आला तेव्हा मागच्या रांगेत शिट्ट्या वाजल्या. माझ्या तोंडून काही निघालं नाही. मी जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो.

घरी येऊन दादाला फोन केला. आता पन्नाशी ओलांडलीय त्याने, प्रेसमधून स्वतःचं छोटं छपाईचं काम काढलंय, मुलगी नोकरीला आहे. मी म्हटलं, “आज ‘सत्या’ बघून आलो.”

“शेवट बघितलास?”

“हो. का?”

“मी अजून नाही बघितला. त्या दिवशी मामीने टीव्ही बंद केला तो केलाच. नंतर कुणीतरी सांगितलं, विसर्जनाच्या गर्दीत मारतो म्हणून.” जरा थांबला. “बाकी सगळं खरं असेल रे. पण गणपतीत तरी ते नको होतं दाखवायला. तो एक गणपती मी गॅलरीत बसून काढला, तेवढा पुरे.”

मी त्याला सांगितलं, या वर्षी अनंत चतुर्दशीला इंदूरला ये. रस्त्यावर उभं राहून झांक्या बघू. तो आला. बायको-मुलीला घेऊन आला. रात्री तीन वाजेपर्यंत उभा होता, मला झोप येत होती, पण तो हलेना.

मुलाला मी हे सगळं अजून सांगितलं नव्हतं. ही पोस्ट आधी त्यालाच वाचायला दिली. वाचून तो म्हणाला, “बाबा, काकांना विचारलंत ना, लिहू का म्हणून?”

विचारलं. दादा म्हणाला, “लिही. फक्त चाळीचं नाव नको. आणि आईच्या पायऱ्या लिही.”